नृत्यातून न्याय मागणारी पर्ल प्रायमस

नृत्य हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो साजशृंगार. झगमगीत वस्त्रे, हसरा चेहरा, वाद्यांचा मेळ आणि प्रेक्षकांची दोन घटकांची करमणूक! मंगळागौरीचे झिम्मा-फुगडीचे खेळ आपण घरचे मानतो, परंतु रंगमंचावर उभे राहून नृत्य करणे हे गंभीर कार्य असू शकते, त्यातून समाजाला जाब विचारता येतो, ही कल्पना सहसा आपल्या मनात येत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत एका कृष्णवर्णीय स्त्रीने ही गोष्ट करून दाखविली. तिचे नाव पर्ल प्रायमस. ज्यांच्या दुःखाविषयी नाचायचे त्यांच्या दारी आधी स्वतः जायचे, त्यांच्याबरोबर राबायचे, त्यांचे पाहायचे, ऐकायचे आणि मगच रंगमंचावर पाऊल टाकायचे, असा या बाईचा नेम होता. आपल्या मंडळाच्या भगिनींना तिची ओळख करून द्यावी असे वाटते ते या नेमासाठीच.

पर्लचा जन्म २९ नोव्हेंबर १९१९ रोजी वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन या शहरी झाला. ऊसमळ्यांवर राबण्यासाठी आपल्याकडची हजारो माणसे जेथे नेली गेली तेच हे बेट. पर्लचे पूर्वज मात्र आफ्रिकेतून आणलेले. तिच्या आईच्या घराण्यात आफ्रिकेतील अशांती लोकांचे रक्त होते आणि आजोबा नावाजलेले ढोलवादक होते, अशा कथा घरात सांगितल्या जात. पर्ल दोन-तीन वर्षांची असताना आईवडील पोट भरण्यासाठी न्यूयॉर्कला आले. तेथे मोठ्या शहराच्या गजबजाटात दोन खोल्यांच्या संसारातही त्यांनी बेटावरच्या गोष्टी, गाणी आणि चालीरीती टिकवून धरल्या. मुलीने नाचावे असे कोणाच्या मनात नव्हते. तिने शिकावे, मोठे व्हावे, ही इच्छा मात्र होती.

आणि पर्ल शिकलीही. हंटर हायस्कूलमधून ती हंटर कॉलेजात गेली. मुलींचे हे कॉलेज न्यूयॉर्क शहराच्या खर्चाने चालत असे आणि गरिबाघरच्या हुशार मुलींना त्याचा मोठा आधार वाटे. तेथे ती धावण्यात आणि उड्या मारण्यात पटाईत म्हणून ओळखली जाई. तिचे मन मात्र विज्ञानात होते. डॉक्टर व्हायचे असा तिचा निश्चय होता. १९४० साली जीवशास्त्र हा विषय घेऊन ती पदवीधर झाली. पुढील वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे जमवावेत, म्हणून एखाद्या प्रयोगशाळेत नोकरी धरावी असा तिचा साधा बेत होता.

त्या साध्या बेताला कुंपण आडवे आले. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. परंतु त्यानंतरही दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीतील डबे वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे असत. उत्तरेकडे, न्यूयॉर्कसारख्या शहरात, असे कायदे नव्हते. तेथे नुसताच नकार मिळे. पर्ल एका प्रयोगशाळेतून दुसरीत अर्ज घेऊन गेली. पदवी होती, गुण होते, पण कातडीचा रंग काळा. कोठेही तिला काम मिळाले नाही. आपल्या देशात जातीपायी विहिरीपासून दूर ठेवलेल्यांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा नकार अधिक समजावून सांगायला नको. तिने टेलिफोनच्या बोर्डावर काम केले, कारखान्यात वेल्डिंग केले, मिळेल ते काम केले. रात्री काम आणि दिवसा अभ्यास असेही दिवस काढले. शेवटी तरुणांना रोजगार मिळवून देणाऱ्या एका सरकारी योजनेच्या दारात ती जाऊन उभी राहिली.

त्या योजनेत तिच्याजोगे काम शिल्लक नव्हते. म्हणून तिला एका नृत्याच्या कार्यक्रमात पडद्यामागे कपडेपट सांभाळण्याचे काम देण्यात आले. पुढे एका नर्तकीची जागा रिकामी झाली आणि बदली म्हणून पर्लला उभे करण्यात आले. नृत्याचे शिक्षण तिने घेतलेले नव्हते. परंतु धावण्या-उडण्याने कमावलेले शरीर आणि एकदा पाहिलेले चटकन उचलण्याची बुद्धी तिच्यापाशी होती. पाहणाऱ्यांनी ओळखले, की या मुलीत काही निराळे आहे. ज्या दारातून तिला आत यायचे होते ते बंद झाले, आणि जे दार तिने कधी ठोठावले नव्हते ते असे उघडले.

१९४१ साली तिला ‘न्यू डान्स ग्रुप’ या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. ही संस्था १९३२ साली, महामंदीच्या ऐन तडाख्यात निघाली होती. कामकरी मुलामुलींना अगदी नाममात्र फी घेऊन नृत्य शिकवावे आणि ते नृत्य बेकारी, उपासमार, वर्णद्वेष यांविषयी बोलणारे असावे, हा तिचा हेतू. तेथे शरीराचे शिक्षण होई, नवी रचना करून पाहिली जाई आणि त्याबरोबर समाजात काय चालले आहे याची चर्चाही होई. या संस्थेत पर्ल ही पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी मानली जाते. तेथे आणि अन्यत्रही तिने त्या काळच्या मोठमोठ्या गुरूंकडून पाठ घेतले. त्यांत आधुनिक नृत्याच्या अध्वर्यू मार्था ग्रॅहम होत्या, तशाच तिच्याच त्रिनिदादच्या बेरिल मॅकबर्नी याही होत्या. बेरिलबाईंमुळे तिला आपल्या बेटाची नृत्ये नव्याने भेटली.

पर्लने पहिली महत्त्वाची रचना करायला घेतली ती आफ्रिकेतील एका विधीवर. आफ्रिका तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. त्या काळी अमेरिकेत आफ्रिका म्हणजे रानटीपणा असे चित्र सिनेमांतून सर्रास रंगविले जाई. मग खरे कसे कळावे? विज्ञानाच्या विद्यार्थिनीने विज्ञानाचीच वाट धरली. अनेक महिने तिने ग्रंथालये पालथी घातली. संग्रहालयांतील मूर्ती, मुखवटे, छायाचित्रे यांतील हातापायांची ठेवण न्याहाळली. कोलंबिया विद्यापीठात शिकणारे आफ्रिकी विद्यार्थी गाठून, आपण बसविलेले पाऊल बरोबर आहे का, हे त्यांना विचारले. एका नृत्यासाठी इतका खटाटोप कोण करतो, असे कोणाला वाटेल. परंतु पर्लच्या दृष्टीने चुकीचे पाऊल टाकणे म्हणजे आपल्या पूर्वजांविषयी खोटी साक्ष देणे होते.

१४ फेब्रुवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्याण्णवाव्या रस्त्यावरील ज्यू तरुणांच्या संस्थेच्या सभागृहात तिने प्रथमच आपल्या रचना सादर केल्या. इतर काही नवोदित नर्तकही त्या कार्यक्रमात होते. परंतु लोकांच्या लक्षात राहिली ती पर्ल. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नृत्यसमीक्षक जॉन मार्टिन हे मोठे साक्षेपी गृहस्थ. त्यांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पर्लबाईंची उंची बेताची, बांधा भरीव. बॅले नर्तकीचे सडपातळ रूप त्यांच्यापाशी नव्हते. परंतु त्या हवेत उडी घेत तेव्हा क्षणभर तेथेच थांबल्या आहेत असा भास प्रेक्षकांना होई.

त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ‘कॅफे सोसायटी’ या ठिकाणी त्यांचे नृत्य सुरू झाले आणि सुमारे दहा महिने चालले. कॅफे सोसायटी म्हणजे रात्री खातपीत गाणे-बजावणे ऐकण्याचा न्यूयॉर्कमधील एक क्लब. परंतु त्याचे एक वैशिष्ट्य होते. शहरातल्या इतर बड्या क्लबांत काळ्यांनी रंगमंचावर गावे-नाचावे आणि गोऱ्यांनी टेबलाशी बसून पाहावे, असा रिवाज असे. १९३८ साली बार्नी जोसेफसन यांनी काढलेल्या या क्लबात काळे आणि गोरे शेजारी शेजारी बसत. रंगमंच अगदी चिमुकला, छत ठेंगणे. तेवढ्या जागेत पर्लबाईंनी आपल्या उंच उड्या बसविल्या.

आता ज्या नृत्याने त्यांचे नाव अजरामर झाले त्याविषयी सांगितले पाहिजे. विषय कठोर आहे, परंतु तो टाळला तर पर्लबाईंचे चरित्र सांगितले असे होणार नाही. दक्षिणेकडील राज्यांत एखाद्या काळ्या माणसावर खराखोटा आळ घेऊन, कोर्टकचेरी न करता, जमावाने त्याला पकडावे आणि झाडाला टांगून मारावे, अशी भीषण चाल होती. टस्कीगी येथील संस्थेने ठेवलेल्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात अशा प्रकारे ४७४३ माणसे मारली गेली. त्यांतील ३४४६ काळी होती. कित्येकदा ते पाहण्यासाठी गोरी कुटुंबे बायकामुलांसह जमत. हा गुन्हा साऱ्या देशाच्या कायद्याने वेगळा गुन्हा ठरावा, म्हणून १९२२ साली अमेरिकी संसदेच्या एका सभागृहाने विधेयक मंजूर केले, परंतु दुसऱ्या सभागृहात ते अडविण्यात आले. तसा कायदा व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. मध्ये शंभर वर्षे गेली!

एबल मीरोपोल नावाच्या न्यूयॉर्कमधील एका शाळाशिक्षकाने या अत्याचारावर कविता लिहिली होती. झाडाला लोंबणाऱ्या देहांना त्याने विचित्र फळांची उपमा दिली आणि कवितेलाही तेच नाव पुढे रूढ झाले. बिली हॉलिडे या गायिकेने १९३९ साली कॅफे सोसायटीतच ती गाऊन लोकांना सुन्न केले होते. पर्लबाईंनी ती कविता नृत्यासाठी घेतली. वाद्यसंगीत घेतले नाही. फक्त कवितेचे शब्द, आणि एक बाई.

ही बाई कोण? झाडाला टांगलेल्या माणसाची आई किंवा पत्नी असेल, असे आपल्याला वाटेल. करुण रसाचा सोपा मार्ग तोच होता. पर्लबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी उभी केली ती त्या जमावातलीच एक गोरी बाई. कृत्य आटोपले आहे, लोक पांगले आहेत आणि आता या बाईला आपण काय पाहिले, कशात सामील झालो, याची जाणीव होते आहे. ती जमिनीवर अंग टाकते, पिळवटून निघते, झाडापासून दूर पळू बघते आणि तिची नजर पुन्हा त्या झाडाकडेच वळते. पर्लबाई स्वतः काळ्या. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातल्या. तरीही त्या अन्याय करणाऱ्यांच्या मनात शिरल्या आणि तेथे निजलेली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी जागी केली. समोर बसलेल्या गोऱ्या प्रेक्षकाला दुसऱ्याच्या दुःखाविषयी हळहळून घरी जाण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. हात उगारणारा जसा दोषी, तसा गर्दीत उभा राहून पाहणाराही दोषी, हे या नृत्याचे मर्म. ते केवळ अमेरिकेपुरते नाही. शेजारच्या घरात सुनेचा छळ होतो तेव्हा भिंतीअलीकडे गप्प बसणाऱ्यांनाही ते लागू आहे.

दुसरी एक रचना अर्धेलीने जमीन कसणाऱ्या गरीब काळ्या शेतकऱ्यांवर होती. जोश व्हाइट या गायकाच्या गाण्यावर ती बसविलेली होती. वर्षभर राबून पीक मालकाच्या घरात जावे आणि आपल्या हिशेबी कर्जच उरावे, अशी त्या लोकांची अवस्था असे. दुःखाचे नृत्य म्हणजे वाकलेली पाठ आणि हुंदके असा सर्वसाधारण समज. पर्लबाईंनी येथे आपल्या सर्वांत उंच उड्या घातल्या. संतापाने माणूस जमीन सोडून वर उसळतो तशा त्या उड्या होत्या.

जून १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विशाल सभागृहात काळ्यांच्या हक्कांसाठी मोठा मेळावा भरला. सुमारे वीस हजार लोक जमले होते. महायुद्धाचे दिवस होते. लोकशाहीच्या रक्षणासाठी काळे तरुण सैन्यात भरती होत होते, परंतु त्या सैन्यातही त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या जात. या विसंगतीविरुद्ध आवाज उठविणाऱ्या त्या मेळाव्यात पर्लबाई नाचल्या. चिमुकल्या क्लबापासून वीस हजारांच्या सभेपर्यंत त्यांना अवघे दोन महिने लागले होते.

एवढे नाव झाल्यावर कोणीही समाधान मानले असते. पर्लबाईंच्या मनाला मात्र एक गोष्ट टोचत होती. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचे दुःख आपण नाचून दाखवितो, पण आपण वाढलो न्यूयॉर्कमध्ये. ते जिणे आपण कोठे पाहिले आहे? म्हणून १९४४ च्या उन्हाळ्यात त्या दक्षिणेकडे गेल्या. नामवंत नर्तकी म्हणून नव्हे, शेतमजुरीण म्हणून. जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलिना या भागांत त्या अर्धेलकऱ्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्याबरोबर उन्हातान्हात कापूस वेचला. कापसाच्या वेचणीने बोटे कशी चिरतात आणि कंबर कशी धरते हे आपल्या वऱ्हाड-खानदेशातील भगिनींना सांगायला नको. रविवारी त्या काळ्यांच्या चर्चमध्ये जात. अशी सत्तरच्या आसपास चर्चे त्यांनी पाहिली. तेथे प्रवचनकाराचा चढत जाणारा आवाज, त्याला मंडळींची साथ, टाळ्यांचा ठेका आणि भक्तीच्या भरात डोलू लागणारी शरीरे पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की ग्रंथालयांत आपण शोधत होतो ती आफ्रिका येथे जिवंत आहे. ढोल वाजविण्यास गुलामांना पुष्कळ ठिकाणी मनाई होती. पण ढोलाचा ठेका हाताच्या टाळीत आणि पायाच्या आघातात टिकून राहिला होता.

त्या वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या प्रख्यात ब्रॉडवे भागातील बेलास्को थिएटरात त्यांचा कार्यक्रम झाला. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीच्या, नद्यांच्या रूपाने आपल्या लोकांचा प्राचीन इतिहास सांगणाऱ्या कवितेवरही त्यांनी नृत्य बसविले होते. १९४६ मध्ये ‘शो बोट’ या गाजलेल्या संगीत नाटकाच्या नव्या प्रयोगात त्या नाचल्या आणि पुढे स्वतःचा संच घेऊन देशभर हिंडल्या.

या दौऱ्यांच्या काळात टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठात त्यांचा कार्यक्रम झाला. रोझेनवाल्ड निधीचे अध्यक्ष तेथे होते. सीअर्स या प्रचंड व्यापारी पेढीचे ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी काळ्यांच्या शिक्षणासाठी हा निधी ठेवला होता आणि ठराविक मुदतीत तो सारा खर्चून संपवावा अशी त्यांची इच्छा होती. इतकी अस्सल आफ्रिकी नृत्ये करणाऱ्या बाईने आफ्रिका पाहिलेलीच नाही, हे कळल्यावर अध्यक्षांना आश्चर्य वाटले. निधी बंद होण्याच्या बेतात होता. त्याची शेवटची शिष्यवृत्ती १९४८ साली पर्लबाईंना मिळाली.

१९४८ च्या अखेरीस त्या आफ्रिकेस निघाल्या. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, नायजेरिया, लायबेरिया, सेनेगल, बेल्जियन काँगो अशा अनेक देशांत त्या हिंडल्या. त्यांतील बहुतेक त्या वेळी युरोपीय सत्तांच्या अमलाखाली होते. येथेही त्यांनी पाहुणीची खुर्ची घेतली नाही. गावात उतरायचे, बायकांबरोबर कामाला लागायचे, त्यांच्या रांगेत उभे राहून पाऊल शिकायचे, ही त्यांची पद्धत. पेरणी, लग्न, मूल जन्मणे, मरण, पाहुण्याचे स्वागत, प्रत्येक प्रसंगाला वेगळे नृत्य असते आणि गावातील प्रत्येकाचा त्यात वाटा असतो, हे त्यांनी पाहिले. जात्यावर बसल्याशिवाय ओवीचा सूर कळत नाही, तसेच हे होते. नायजेरियात इफे येथील राजाने त्यांना ओमोवाले हे नाव दिले. घरी परत आलेले लेकरू असा त्याचा अर्थ. जहाजांच्या तळघरांत कोंडून ज्यांचे पूर्वज नेले गेले, त्यांच्या वंशातील मुलीला या नावाने काय वाटले असेल याची कल्पनाच करावी.

लायबेरियातून त्यांनी ‘फांगा’ हे स्वागताचे नृत्य आणले. हात पुढे करून, तळवे उघडे ठेवून, आलेल्याला मनापासून जवळ करण्याचे ते नृत्य. पर्लबाईंनी ते अमेरिकेत केले, शिकविले आणि पाहता पाहता ते शाळाशाळांतून पसरले. आजही तेथील कितीतरी मुले ते नाचतात. ज्या बाईने झाडाला टांगलेल्या देहाची आठवण देशाला करून दिली, तिनेच त्या देशातील मुलांना पाहुण्याचे स्वागत कसे करावे हेही शिकविले.

१९५० नंतरचा काळ अमेरिकेत संशयाचा होता. गरिबांच्या किंवा काळ्यांच्या बाजूने बोलणारा प्रत्येक कलावंत कम्युनिस्ट असावा अशी शंका घेतली जाई. कॅफे सोसायटी या वावटळीत आधीच बंद पडली होती. जोश व्हाइट यांना चौकशी समितीपुढे जावे लागले. पर्लबाईंवरही सरकारी गुप्तचरांची नजर होती आणि काही काळ त्यांचा पासपोर्ट काढून घेण्यात आला. परंतु त्यांनी काम सोडले नाही. १९५३ मध्ये त्या त्रिनिदादला गेल्या असता पर्सिव्हल बोर्ड या नर्तकाची ओळख झाली. पुढे ते त्यांचे पती आणि कार्यातील सोबती झाले. १९५५ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ऑनविन. १९५९ पासून सुमारे दोन वर्षे या दांपत्याने लायबेरियात राहून तेथील सरकारसाठी कलाकेंद्राचे काम पाहिले. त्या देशाची स्वतःची नृत्ये त्याच देशाच्या रंगमंचावर मानाने उभी राहावीत यासाठी त्या झटल्या.

अमेरिकेत परतल्यावर पर्लबाईंचा ओढा शिक्षणाकडे वळला. न्यूयॉर्कच्या प्राथमिक शाळांत जाऊन त्यांनी लहान मुलांना आफ्रिकेची नृत्ये दाखविली, त्यामागील जीवन समजावून सांगितले. काळ्या मुलाला आपल्या मुळाची लाज वाटू नये आणि गोऱ्या मुलाला शेजाऱ्याची टिंगल करावीशी वाटू नये, हा त्यामागील विचार. संसार, दौरे आणि वर्ग सांभाळून त्यांनी स्वतःचा अभ्यासही चालू ठेवला. १९५९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील एम. ए. आणि १९७८ मध्ये डॉक्टरेट त्यांनी मिळविली. तेव्हा त्या एकोणसाठाव्या वर्षात होत्या. प्रयोगशाळेच्या दारातून परत फिरलेली मुलगी अखेर डॉक्टर झाली, फक्त वाट निराळी निघाली.

१९६३ सालच्या सप्टेंबरात अलाबामातील बर्मिंगहॅम येथे काळ्यांच्या एका चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बाँब ठेवला. रविवारची सकाळ होती. प्रार्थनेच्या तयारीत असलेल्या चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. हे शल्य पर्लबाईंच्या मनात राहिले आणि सोळा वर्षांनी, १९७९ साली, त्यांनी त्या घटनेवर नृत्य रचले. वर्तमानपत्रे विसरतात तेव्हाच आठवण करून देण्याची खरी गरज असते. त्याच वर्षी पतीच्या निधनाचा आघात त्यांच्यावर झाला. साठीला आलेल्या या बाईंनी तो सोसला आणि शिकविणे चालू ठेवले.

१९८४ ते १९९० या काळात त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील पाच महाविद्यालयांच्या संयुक्त मंडळात प्राध्यापक होत्या. ‘एल्विन एली’ या नामांकित नृत्यसंस्थेने १९७४ मध्ये फांगा आणि १९९० मध्ये मध्य आफ्रिकेतील पुरुषांचे एक राजेशाही नृत्य त्यांच्याकडून बसवून घेतले. १९८८ मध्ये अमेरिकन नृत्यमहोत्सवात त्यांच्या जुन्या रचना तरुण नर्तकीने पुन्हा सादर केल्या. १९९१ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय कलापदक मिळाले. ज्या सरकारने कधी त्यांचा पासपोर्ट अडविला होता, त्याच सरकारने हा मान दिला. २९ ऑक्टोबर १९९४ रोजी न्यूयॉर्कजवळील न्यू रोशेल येथे राहत्या गावी, पंचाहत्तरी पुरी होण्यास एक महिना उरला असताना, त्यांचे देहावसान झाले.

पर्लबाई अनेक बाबतींत पहिल्या होत्या आणि त्यांनी मानही भरपूर मिळविला. परंतु त्यांच्या चरित्रातून घ्यायचे ते वेगळेच. आपण स्त्रिया मंडळात जमतो, दुःखितांसाठी काही करावे असे ठरवितो, निधी गोळा करतो, कपडे वाटतो. हे सारे योग्यच आहे. पण ज्यांच्यासाठी करायचे त्यांच्या ओसरीवर आपण कितीदा बसतो? त्यांच्याबरोबर एक दिवस तरी कापूस वेचतो का? पर्लबाईंना वीस हजारांची दाद मिळाली होती, तरी आपल्याला अजून माहीत नाही म्हणून त्या शेतात गेल्या. आणि अन्यायाचे चित्र काढताना त्यांनी पाहणाऱ्या बाईलाही चित्रात घेतले. पुढच्या वर्षी आपल्या मंडळाच्या कामाची आखणी करताना या दोन गोष्टी आपण समोर ठेवल्या, तर दूर देशीच्या या भगिनीचे स्मरण कारणी लागले असे होईल.